सात माणसं, तीन बेटं आणि ड्रायव्हरची सीट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ची गर्दी थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

नाशिकहून बोलतोय, आणि बाहेर पाऊस आहे, तर मागे पत्र्यावरचा आवाज आला तर समजून घ्या.

बऱ्याच श्रोत्यांचा थोड्याफार फरकाने एकच प्रश्न येतो. घरच्यांना घेऊन अंदमानला जायचंय, गाडीचं काय करायचं? सेल्फ-ड्राइव्ह घ्यावी का? स्वस्तात कुठे मिळेल? मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला आहे, ट्रॅव्हल एजंट नाही. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या घरच्या ट्रिपसाठी हाच प्रश्न मी जवळपास दोन महिने एका शीटवर सोडवत होतो. तिच्यात अकरा टॅब होते. ताईने त्या शीटला ‘गाडीपुराण’ असं नाव दिलं होतं. तर आजचा भाग म्हणजे ते गाडीपुराण, पण थोडक्यात.

आधी हे सांगतो की अंदमानच का. गोव्याला गाडी घेऊन फिरणं नाशिककरांना नवीन नाही. पण माझ्या आजीचं माहेर भगूर. सावरकरांचं जन्मगाव. देवळाली कॅम्पच्या पुढे, आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. आजीचं वय ७८. लहानपणापासून तिने ‘काळं पाणी’ हा शब्द ऐकलेला, आणि नाशिकचा त्या तुरुंगाशी असलेला संबंध तिला पाठ आहे: २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, नाशिक कटाचा खटला झाला, आणि १९११ मध्ये सावरकरांना सेल्युलर जेलमध्ये नेलं. तिला ती कोठडी बघायची होती. दोन्ही गुडघे दुखतात, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, तरी बघायची होती. आणि आम्हा सगळ्यांना कळत होतं की हे ‘पुढच्या वर्षी बघू’वर ढकलण्यासारखं काम नाही.

मग माणसं जमली. आजी, आई, बाबा, ताई, दाजी, त्यांची पाच वर्षांची मुलगी आणि मी. सात. ताई-दाजींची विमानाची तिकिटं एलटीसीतून निघणार होती, पण एलटीसीत तिथे पोचल्यावरची टॅक्सी येत नाही. बाबा दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेत. विमान आणि हॉटेलचे आकडे बघून झाले होते आणि त्यात फार काही कमी होण्यासारखं नव्हतं. हात फिरवायला जागा उरली ती गाडीच्या खर्चात.

आता पहिला मुद्दा, जो मला कुठल्याही ट्रॅव्हल व्हिडिओत सापडला नाही. सात माणसं म्हटलं की एजंट लगेच म्हणतो, ‘सेव्हन सीटर देतो ना सर.’ थांबा. सेव्हन सीटरमध्ये सातवा ड्रायव्हर असतो. अर्टिगा सात सीटची आहे ती ड्रायव्हर धरून. म्हणजे ड्रायव्हरसह भाड्याने घेतली की तुमच्यासाठी सहा सीट. आमचं सातवं माणूस कुठे बसणार? एका एजंटने अगदी सहज सांगितलं, ‘छोटीला मांडीवर घ्या.’ नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीट बंधनकारक आहे, नाहीतर हजार रुपये दंड. आणि दंडाचं सोडा, मांडीवरचं मूल जोराच्या ब्रेकमध्ये कुणालाच धरून ठेवता येत नाही.

सेल्फ-ड्राइव्ह घेतली तर ड्रायव्हरची सीट आपलीच. तीच अर्टिगा मग खरोखर सात जणांची होते. कागदावर हा मोठा फायदा आहे, आणि मी सुरुवातीला सेल्फ-ड्राइव्हच्या बाजूने होतो तो यामुळेच. पण मग सामान. अर्टिगाची तिसरी रांग उघडी ठेवली की मागे डिकी उरते २०९ लिटरची. एक केबिन बॅग साधारण चाळीस लिटर धरा. तीन, फार तर चार बॅगा. सात माणसं आठवडाभरासाठी निघाली, त्यात आई आणि ताई आणि एक पाच वर्षांची मुलगी, आणि चिवडा-लाडूंचे डबे. पुढे मी काही बोलत नाही.

इनोव्हा क्रिस्टा सात आणि आठ सीट अशा दोन्ही प्रकारांत येते. त्यामुळे ‘इनोव्हा देतो’ एवढं उत्तर पुरत नाही, आठ सीटची आहे का ते विचारायचं. ड्रायव्हरसह सात माणसं हवी असतील तर आठवालीच. आणि ती पूर्ण भरली की तिच्याही डिकीत फार काही राहत नाही. आम्ही शेवटी एअरपोर्टवर काय केलं? आठ सीटची इनोव्हा, आणि मी चार मोठ्या बॅगा घेऊन मागून ऑटोत. पोर्ट ब्लेअरचा एअरपोर्ट गावालाच लागून आहे, त्यामुळे चाललं. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, पण तिथेही बोलताना मला दोन्ही नावं ऐकू आली, म्हणून मी जुनंच वापरतोय.

दुसरा मुद्दा, आणि पैसे खरे वाचतात ते इथे. बेटावर गाडीचा ‘रोजचा दर’ हा आकडाच फसवा आहे.

गोव्यात गाडी घेतली की ती तुमच्याबरोबर असते. सकाळी पणजी, दुपारी म्हापसा, संध्याकाळी अजून कुठे. अगदी दिवाडी बेटावर जायचं तरी ओल्ड गोव्याहून फेरीत गाडी चढवता येते. अंदमानात तसं नाही. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, आणि तिथून नीलला, म्हणजे शहीद द्वीपला, आपण जातो ते माणसांच्या क्रूझने. भाड्याची गाडी जेट्टीवरच राहते. म्हणजे तुम्ही हॅवलॉकच्या पाण्यात पाय बुडवून बसलाय आणि पोर्ट ब्लेअरच्या पार्किंगमध्ये तुमच्या गाडीचं मीटर पळतंय.

आमचा कार्यक्रम असा होता. पहिला दिवस पोर्ट ब्लेअर. दुसऱ्या दिवशी सकाळी हॅवलॉक, तिसरा दिवस तिथेच. चौथ्या दिवशी नील. पाचव्या दिवशी दुपारी परत पोर्ट ब्लेअर, सहावा दिवस तिथे, सातव्या दिवशी सकाळी विमान. बहुतेक कुटुंबं थोड्याफार फरकाने हेच करतात.

आता मला मिळालेले दर सांगतो. हे आमच्या तारखांचे, आमच्याशी बोललेल्या लोकांचे दर आहेत. सीझनप्रमाणे बदलतात, तेव्हा आकडा पाठ करू नका, हिशेबाची रीत बघा. पोर्ट ब्लेअरमध्ये सात सीटची सेल्फ-ड्राइव्ह गाडी, रोज ३,८००, पेट्रोल आपलं, डिपॉझिट १०,०००. सहा दिवसांचे २२,८००. पोर्ट ब्लेअरच्या आसपास आमचं एकूण फिरणं किती होणार होतं? मी नकाशावर मोजलं: एअरपोर्ट ते हॉटेल, हॉटेल ते जेल, दोनदा जेट्टी, एक दिवस चिडिया टापू आणि कॉर्बिन्स कोव्ह. सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास. म्हणजे किलोमीटरला २२८ रुपये, पेट्रोल सोडून. बाबांनी हा आकडा बघितला आणि म्हणाले, ‘अरे, एवढ्यात तर रिक्षावाला मला सीबीएसहून पंचवटीत सोडून वर चहा पाजेल.’

शिवाय हॅवलॉक आणि नीलला वेगळ्या गाड्या लागणारच, त्याचे साडेसात हजार. एकूण ३०,३०० अधिक पेट्रोल.

त्याच्या शेजारच्या टॅबमध्ये दुसरा हिशेब. पोर्ट ब्लेअरला फक्त लागेल तेव्हा ड्रायव्हरसह गाडी. पहिल्या दिवशी एअरपोर्टहून आणणं, संध्याकाळी जेल आणि परत, सामानाच्या ऑटोसकट ३,५००. जेट्टीला सोडणं आणि परत आणणं, १,००० प्रमाणे २,०००. सहाव्या दिवशी चिडिया टापूची फेरी ४,०००. शेवटच्या सकाळी एअरपोर्ट १,०००. झाले १०,५००. त्यात हॅवलॉक-नीलचे साडेसात मिळवले की १८,०००. बारा हजारांहून जास्त फरक, आणि तोही कुणाशी घासाघीस न करता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सेल्फ-ड्राइव्ह फक्त लागतील त्या तीन दिवसांसाठी घेतली असती, दोन तुकड्यांत, तर ११,४०० अधिक पेट्रोल झाले असते. म्हणजे टॅक्सीच्या १०,५०० च्या अगदी जवळ. तेव्हा सेल्फ-ड्राइव्ह महाग असं मी म्हणत नाहीये. उभी गाडी महाग. चार माणसांचं कुटुंब असेल, एक जण गाडी चालवायला उत्सुक असेल, आणि तीन दिवसांचाच करार मिळत असेल, तर खुशाल घ्या.

आणि ‘दिवस’ म्हणजे काय, हेही तिथे वेगळं आहे. नाशिक साधारण ७३.८ रेखांशावर आणि पोर्ट ब्लेअर ९२.७ वर. एका अंशाला चार मिनिटं धरली की सव्वा तासाचा फरक पडतो, पण घड्याळ दोन्हीकडे एकच. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी आरामात दहाला निघून संध्याकाळी सातपर्यंत फिरायची आपली सवय तिथे चालत नाही. गाडीचे पूर्ण दिवसाचे पैसे देऊन दहाला निघालात तर उजेडाचे सात तासच हातात. आम्ही सहाव्या दिवशी साडेसातला निघालो. छोटी गाडीतच झोपली, पण पैसे वसूल झाले.

काही ठिकाणी तर गाडीचा उपयोगच नाही. रॉस बेटाला बोटीने जायचं. हॅवलॉकचा एलिफंट बीच बोटीने नाहीतर जंगलातून पायी. ज्या दिवशी स्कूबा किंवा बोटीचा बेत आहे त्या दिवशी गाडी फक्त जेट्टीपर्यंत लागते. एजंट त्या दिवसाचीही गाडी पॅकेजमध्ये धरतो. विचारा त्याला.

बाराटांगचा दिवस आम्ही गाळला. पोर्ट ब्लेअरहून साधारण शंभर किलोमीटर उत्तरेला, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून रस्ता जातो. जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ठरलेल्या वेळी, ताफ्याने सोडतात, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. पहिला ताफा गाठायचा तर रात्रीच निघावं लागतं. पुढे बोट आणि मग गुहेपर्यंत चालणं. आजीच्या गुडघ्यांचा विचार करता प्रश्नच नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या रस्त्याने नुसतं ‘बघायला’ जाणं मलाही पटत नाही. सगळ्या ट्रिपमधला गाडीचा सगळ्यात महाग दिवसही तोच होता.

आता ज्याच्यावर मला जास्त वेळ बोलायचंय तो भाग.

फोनाफोनी करताना मला एक जण भेटला. नाव घेत नाही, आणि गावही सांगत नाही. म्हणाला, सात सीटची गाडी देतो, सेल्फ-ड्राइव्ह, रोज २,६००, तीन दिवसांची घेतली तरी चालेल. म्हणजे तीन दिवसांचे ७,८००. आमच्या सगळ्या टॅबमधला सगळ्यात कमी आकडा. मी फोटो मागवले. गाडी छान होती, स्वच्छ, नवी. नंबर प्लेट पांढरी.

हे नीट ऐका, कारण हे गोव्यालाही लागू आहे आणि आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पांढरी पाटी, काळी अक्षरं म्हणजे खाजगी गाडी. पिवळी पाटी, काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसह चालणारी टॅक्सी. आणि काळी पाटी, पिवळी अक्षरं म्हणजे सेल्फ-ड्राइव्हने भाड्याने द्यायची परवानगी असलेली गाडी. गोव्यात कळंगुटला उभं राहिलात तर दर मिनिटाला अशी एक दिसेल. इलेक्ट्रिक गाड्यांच्या हिरव्या पाट्यांचा प्रकार वेगळा, तो सध्या बाजूला ठेवू. भाड्याने मिळणाऱ्या स्कूटरलाही काळी-पिवळीच पाटी असते. हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यावर उभं आहे. त्याच्या ७५ व्या कलमाखाली १९८९ ची रेंट अ कॅब योजना आली आणि १९९७ मध्ये मोटरसायकलींची.

मी त्याला विम्याची प्रत मागितली. तो म्हणाला, विमा आहे ना साहेब, फुल इन्शुरन्स आहे. मी म्हटलं, प्रत पाठवा. मग तो म्हणाला, ‘त्याची काही गरज नाही. पोलिसांनी अडवलंच तर सांगायचं, मित्राची गाडी आहे.’

स्पीकरवर होता फोन. बाबा समोर पेपर वाचत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, ‘म्हणजे खोटं बोलायचं. तेही पैसे देऊन. आणि तेही आजीला शेजारी बसवून.’ विषय तिथेच संपला असता, पण मला ते इंजिनिअरसारखं, कारणासकट समजून घ्यायचं होतं. म्हणून मी आमच्याच घरच्या गाडीची पॉलिसी काढून वाचली. तुम्हीही वाचा, तुमच्याही घरी असेल. खाजगी गाडीच्या पॉलिसीत गाडीच्या वापरावर मर्यादा घालणारं एक कलम असतं. त्यात लिहिलेलं असतं की भाड्याने देण्यासाठी किंवा मोबदला घेऊन वापर केला तर ही पॉलिसी लागू नाही. सरळ तीन ओळी आहेत.

म्हणजे होतं काय, बघा. साधा ओरखडा असेल तर गाडीवाला डिपॉझिटमधून घेईल, तिथपर्यंत ठीक. पण मोठा अपघात झाला, गाडीचं दोन-तीन लाखांचं नुकसान झालं, तर विमा कंपनी ‘गाडी भाड्याने दिली होती’ म्हणून दावा नाकारू शकते. मग तो मालक कुणाच्या मागे लागणार? तुमच्या. रस्त्यावरचं कुणी जखमी झालं तर त्या माणसाला भरपाई मिळावी म्हणून कोर्ट बऱ्याचदा विमा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. पण त्या सगळ्यात गाडी कोण चालवत होतं? तुम्ही. परक्या गावात, विमानाचं परतीचं तिकीट हातात, घरची सहा माणसं हॉटेलवर. परवान्याशिवाय गाडी भाड्याने चालवण्याचा दहा हजारांचा दंड मालकाच्या नावावर असला तरी गाडी अडकवून ठेवली की रस्त्यावर उभे आपणच.

त्या गाडीचा दर २,६०० होता आणि परवान्याच्या गाडीचा ३,८००. मधले बाराशे रुपये कुठे गेले? परवाना, व्यावसायिक विमा, टॅक्स, फिटनेस, यात. त्याने ते भरले नाहीत आणि ती जोखीम माझ्याकडे सरकवली, रोजच्या बाराशेच्या सवलतीत. आम्ही कोडमध्येही असं करतो, खर्च कमी करायचा म्हणून तपासणी काढून टाकतो. पण ते निदान ऑफिसच्या सर्व्हरवर करतो, आजीवर नाही.

सेल्फ-ड्राइव्ह घेणाऱ्यांसाठी म्हणून एवढंच. पैसे पाठवण्याआधी पाटीचा फोटो, आरसी आणि विमा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ, पेट्रोलचा काटा आणि स्टेपनी. डिपॉझिट परत कधी, किती तासांत, हे मेसेजवर लिहून घ्या. लायसन्स डिजिलॉकरवर असलं तरी मूळ कार्ड बरोबर ठेवा. चेन्नईहून समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून तिथलं नेट बरंच सुधारलंय, ती केबल हॅवलॉकपर्यंतही जाते, पण फोनवर रेंज मिळेलच असं नाही. आणि ॲप उघडलं की दोन मिनिटांत गाडी दारात, हे पुण्या-मुंबईचं गृहीतक घरीच सोडून जा.

आता हॅवलॉक. तिथला हिशेब सगळ्यात मजेशीर झाला. रस्ता असा फारसा नाहीच. जेट्टीवरून एक फाटा राधानगर बीचकडे जातो, साधारण बारा किलोमीटर, आणि दुसरा विजयनगरवरून काळापत्थरकडे. आमचं हॉटेल विजयनगरला. जेट्टी ते हॉटेल सामानासकट सात जण, तिथे दोन गाड्यांना पर्याय नाही: येताना १,२००, जाताना १,२००. जेट्टीवर टॅक्सीवाल्यांचे दर ठरलेले असतात, तिथे हुज्जत घालून वेळ घालवू नका. पण राधानगरला जाताना सामान नव्हतं. मग आजी, आई, बाबा आणि छोटी एका टॅक्सीत, थांबण्यासकट १,५००. आणि ताई-दाजी एका स्कूटरवर, मी दुसऱ्या. स्कूटर दिवसाला ६०० प्रमाणे, हेल्मेटसकट. मिळून ५,१००. नील तर एवढंसं बेट, तिथे दोन ऑटो ठरवल्या, २,४०० मध्ये जेट्टीपासून जेट्टीपर्यंत सगळं झालं.

एकटेदुकटे असाल तर हॅवलॉकला जेट्टीवरून राधानगरला सरकारी बसही जाते. मी परत येताना हौसेने तीच घेतली आणि स्कूटर दाजींच्या ताब्यात दिली. तिकीट किरकोळ. बस आपल्या एसटीसारखीच, कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून तसाच वैतागलेला.

पोर्ट ब्लेअरच्या टॅक्सीबद्दल मला एक गोष्ट पैशांच्या हिशेबात धरता आली नव्हती. सेल्युलर जेल ही साधी जागा नाही, निदान गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी. मूळच्या सात शाखांपैकी तीन उरल्यात, तीन मजली, आणि सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर. आमचा ड्रायव्हर हिंदी बोलणारा, तिथलाच. आजीला ‘अम्मा’ म्हणायचा. गेटपासून शक्य तितक्या जवळ त्याने गाडी लावली आणि म्हणाला, अम्मा को आराम से लाओ, मैं यहीं हूँ. आजी प्रत्येक मजल्यावर थांबली. बाबा एका बाजूला, मी दुसऱ्या. पूर्ण पन्नास मिनिटं लागली वर जाऊन यायला. वर ती त्या कोठडीच्या दाराशी उभी राहिली, गजाला हात लावला आणि म्हणाली, ‘आमच्या भगूरचं घर याच्यापेक्षा मोठं आहे रे.’ बस, एवढंच. खाली आल्यावर तिला लगेच बसायला गाडी हवी होती, आणि गाडी होती. मी सेल्फ-ड्राइव्ह घेतली असती तर त्या वेळी मी पार्किंग शोधत फिरत असतो आणि बाबा एकटे तिला जिन्यावरून उतरवत असते.

संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमासाठी जाणार असाल तर टॅक्सी ठरवतानाच ‘शो संपल्यावर परत आणायचं’ हे बोलून घ्या. अंधार लवकर पडतो, शो सुटला की सगळे एकदम बाहेर येतात आणि ऑटोवाले तेव्हा तुमच्याकडे बघतही नाहीत.

आणि आता तो आकडा, जो बघून मी शीट दोनदा तपासली. नाशिक ते मुंबई एअरपोर्ट. आपल्या ओझरहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही, आमची तिकिटं मुंबईहून होती. पहाटेचं विमान, म्हणजे रात्रीच निघायचं. आजी आणि एवढं सामान घेऊन रात्री ट्रेन आणि मग मुंबईत टॅक्सी, हे कुणालाच नको होतं. मोठी गाडी, एका वेळेला जाऊन-येऊन साधारण ३४० किलोमीटर, कारण ती रिकामी परत येते त्याचेही पैसे आपलेच. सोडायला एकदा, आणायला एकदा. ६८० किलोमीटर, किलोमीटरला २० रुपये, १३,६००. वर टोल, ड्रायव्हरचा भत्ता. पंधरा हजारांच्या पुढे. म्हणजे तीन बेटांवर सात दिवस फिरायला १८,०००, आणि स्वतःच्याच जिल्ह्यातून विमानापर्यंत जाऊन यायला जवळपास तेवढेच. मी दोन महिने बेटावरच्या स्कूटरचे शंभर-शंभर रुपये तासत होतो आणि घरासमोर पंधरा हजार उभे होते.

ते कमी कसे केले? जाताना गाडीच. येताना विमान दुपारी उतरणार होतं, तेव्हा आजी-आई-बाबा आणि छोटी यांच्यासाठी एक साधी सेडान, चार सीट, आणि आम्ही तिघे टॅक्सीने दादर आणि तिथून संध्याकाळच्या पंचवटीने नाशिकरोड. मोठ्या गाडीची एक फेरी वाचली. दाजी दादरला उभं राहून वडापाव खात म्हणाले, ट्रिपमधला सगळ्यात चांगला खर्च हाच.

एक शेवटचं, तारखांबद्दल. दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस, या काळात वर सांगितलेला एकही दर मिळणार नाही. पावसाळ्यात दर उतरतात, पण समुद्र खवळला की फेरी रद्द होते. तेव्हा टॅक्सी ठरवताना एवढं विचाराच, की फेरी आलीच नाही तर त्या दिवसाचे पैसे लागणार का. आम्ही विचारलं होतं. पोर्ट ब्लेअरवाला म्हणाला नाही, हॅवलॉकवाला म्हणाला अर्धे. दोघांचंही मेसेजवर लिहून घेतलं.

शीटची रिकामी प्रत हवी असेल तर नेहमीच्या पत्त्यावर मेल टाका, आकडे काढून पाठवतो. ताईची अट एकच आहे, फाइलचं नाव बदलायचं नाही. पुढच्या भागात भेटू.